लाल वाइनमध्ये बुडबुडे: तुरटपणाचं भांडण कसं मिटतं?

माझ्या पीएचडीचा विषय एका शब्दात सांगायचा तर तुरटपणा. घरी कुणी विचारलं की मी सांगते, "आवळा खाल्ल्यावर जीभ खरखरीत होते ना, ती का होते ते शोधते." त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं असतं, "त्यासाठी इटलीला कशाला जायला पाहिजे? आवळे इथं काय कमी आहेत?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की मी अभ्यासते तो तुरटपणा लाल वाइनमधला, आणि मी राहते त्या एमिलिया-रोमान्या भागातले लोक लाल वाइनचं जे करतात, ते पुस्तकी हिशोबाने जमायलाच नको. ते तिच्यात बुडबुडे भरतात. शँपेनसारखी फेसाळणारी, पण रंगाने लालभडक किंवा जांभळी. नाव लांब्रुस्को.

या वाइनशी माझी ओळख दोनदा झाली. पहिल्यांदा इथं आल्याआल्या सुपरमार्केटमधून सगळ्यात स्वस्त बाटली आणली होती. कोकम सरबतात सोडा आणि वर दोन चमचे जादा साखर, अशी चव. अर्धी बाटली मोरीत ओतली. दुसऱ्यांदा लॅबमधल्या एका मैत्रिणीने जेवायला बोलावलं आणि फिकट गुलाबी रंगाची, कोरडी, लिंबासारखी चटकदार वाइन पेल्यात ओतली. समोर मोर्तादेल्लाचे पातळ काप आणि पार्मेझान चीजचे तुकडे. दोन घोट घेतले आणि विचारलं, "ही कुठली?" ती म्हणाली, "लांब्रुस्कोच की!"

नाव एकच, वाइन दोन. असं का होतं, ते आज सांगते. कारण ते एकदा कळलं की पेला कसा निवडायचा हे आपोआप कळतं.

आधी तुरटपणा समजून घेऊ

आपल्याकडे षड्रसांत तुरट ही चव मोजतात. आजचं विज्ञान मात्र तिला मुख्यतः स्पर्श मानतं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन नावाची रसायनं असतात. जांभूळ, सुपारी, हिरडा, कडक काळा चहा या सगळ्यांत हीच मंडळी. आपली लाळ बुळबुळीत असते ती तिच्यातल्या प्रथिनांमुळे. टॅनिन या प्रथिनांना जाऊन चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि जिभेवरचं वंगण निघून जातं. मग जीभ टाळूवर घासते. हे घासणं म्हणजे तुरटपणा. सायकलच्या चेनवरचं तेल पुसून टाकलं की ती कशी कुरकुरते, तसंच.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा. आंबटपणा वाढला की तुरटपणा जास्त जाणवतो. आणि लाल वाइन थंड केली की टॅनिन जास्त टोचायला लागतं. म्हणून तर तुरट, दणकट लाल वाइन फ्रिजमधून काढून लगेच पीत नाहीत.

बुडबुडे टोचतात की आणखी काही?

सोड्याची ती झिणझिण बुडबुडे फुटल्यामुळे होते असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. पण २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्यात उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की जिभेवर आंबट ओळखणाऱ्या पेशी असतात, त्याच कार्बन डायऑक्साइडही ओळखतात. त्या पेशींवर एक विकर बसलेलं असतं, कार्बॉनिक अनहायड्रेज. ते वायूपासून तिथल्या तिथे आम्ल तयार करतं. थोडक्यात, आपण बुडबुड्याची चव घेतो तेव्हा आंबट चव घेत असतो.

याचा एक पुरावा तुमच्यातल्या ट्रेकर मंडळींनी कदाचित स्वतः अनुभवला असेल. हिमालयात उंचीचा त्रास होऊ नये म्हणून अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी घेतात. ही गोळी नेमकं तेच विकर बंद पाडते. ती घेतलेल्या गिर्यारोहकांना बिअर किंवा सोडा बेचव, 'मेलेला' लागतो, हे बऱ्याच आधीपासून माहीत होतं.

पुढे २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमधल्या संशोधकांनी आणखी एक गंमत केली. लोकांना जास्त हवादाबाच्या खोलीत बसवून सोड्याचं पाणी दिलं. त्या दाबाखाली बुडबुडे तयारच होत नाहीत. तरी लोकांना टोचणी तेवढीच जाणवली. म्हणजे बुडबुडे दिसतात छान, कानाला ऐकू येतात, पण टोचण्याचं मुख्य काम विरघळलेला वायू करतो.

आता बेरीज करा. बुडबुडे म्हणजे वाढीव आम्ल. फेसाळती वाइन थंडच द्यावी लागते, कारण द्रव जितका गरम तितका वायू लवकर पळतो, आणि कोमट बाटली उघडली की अर्धी वाइन टेबलावर. म्हणजे आम्ल अधिक थंडावा अधिक टॅनिन. तुरटपणा वाढवणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच पेल्यात! जगातल्या बहुतेक फेसाळत्या वाइन पांढऱ्या किंवा गुलाबी का असतात, याचं एक मोठं कारण हेच.

मग लाल करणाऱ्यांनी काय तोडगा काढला? माझ्या मते तोडगे तीन आहेत. टॅनिन कमी असलेलं द्राक्ष घ्या. नाहीतर साखर ठेवा. नाहीतर ताटात चरबी वाढा. जगातली प्रत्येक लाल स्पार्कलिंग वाइन या तिन्हींपैकी एक किंवा अधिक वाटांनी जाते.

पहिला तोडगा: एक अडचणीचं द्राक्ष

लांब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नाही, ते आडनाव समजा. घरात भावंडं बरीच, पण तिघांची नावं लक्षात ठेवली तरी पुरे.

ग्रास्पारोस्सा ही मोदेनाच्या दक्षिणेला, कास्तेलवेत्रो गावाच्या टेकड्यांवर होते. नावाचा अर्थच 'लाल देठाची'. रंग गडद, टॅनिन भरपूर. सालामिनोचा घड लांबट, गच्च, सलामीसारखा, म्हणून ते नाव. स्वभावाने मधली. आणि तिसरी सोरबारा. मोदेनाच्या उत्तरेला, सेक्किया आणि पानारो या दोन नद्यांमधल्या वाळूमिश्रित गाळाच्या जमिनीत ती वाढते. तिची वाइन फिकट गुलाबी-लाल, टॅनिन अगदी थोडं, आम्ल मात्र खणखणीत. माझ्या मैत्रिणीने पाजली ती हीच.

सोरबाराचा वेल बघायला मी मुद्दाम गेले होते, कारण मी तासगावची. आमची थॉम्पसनची बाग आहे. छाटणी, विरळणी, जीएचं डिपिंग हे सगळं लहानपणापासून पाहिलेलं. वेलाखाली उभं राहून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि घड दाखवला. अण्णा दोन सेकंद गप्प. मग म्हणाले, "अगं, निम्मे मणी गळलेत की ह्याचे. आपल्याकडं व्यापारी हात लावणार न्हाई असल्या मालाला."

त्यांचं निरीक्षण अचूक होतं. लागवडीतल्या बहुतेक द्राक्षांची फुलं उभयलिंगी असतात, स्वतःच्याच परागांवर फळ धरतात. सोरबाराची फुलं कामापुरती मादी असतात. पुंकेसर असतात, पण बाहेर वाकलेले, आणि पराग वांझ. शेजारी दुसऱ्या जातीचा वेल नसेल तर घड भरतच नाही. म्हणून शेतकरी मध्ये मध्ये सालामिनोच्या ओळी लावतात. तिचे पराग सोरबाराला मिळतात. एवढं करूनही बरीच फुलं गळतात, काही मणी बारीकच राहतात, आणि घड विरळ दिसतो. कायद्यानेही ही जोडी मान्य केली आहे: 'लांब्रुस्को दी सोरबारा' असं लेबल लावायचं तर किमान ६० टक्के द्राक्ष सोरबारा असावं लागतं, बाकी मुख्यतः सालामिनो चालतं.

शेतीच्या वहीत ही जात तोट्याची. पेल्यात मात्र हीच आपल्या भांडणावरचा सगळ्यात सरळ तोडगा. टॅनिनच कमी, त्यामुळे बुडबुड्यांना डिवचायला काही उरत नाही.

बुडबुडे येतात कुठून?

यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. भांडं उघडं असेल तर वायू उडून जातो, बंद असेल तर वाइनमध्येच विरघळतो. हिशोब सोपा आहे: लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की दाब १ बारने वाढतो. 'फ्रिझ्झांते' म्हणजे हलकी फेसाळणारी वाइन १ ते २.५ बारची. वरची मर्यादा साधारण कारच्या टायरमधल्या दाबाएवढी. 'स्पुमांते' किमान ३ बारची. शँपेन ५-६ बारपर्यंत जाते. लांब्रुस्को बहुतेक वेळा फ्रिझ्झांते असते. म्हणजे वायू कमी, आम्लाची भर कमी, टोचणी कमी. हाही तोडग्याचाच भाग.

जुनी पद्धत आपोआप घडायची. पो नदीच्या खोऱ्यात हिवाळा कडक. शरद ऋतूत आंबायला घातलेला रस थंडीने मध्येच थांबायचा, थोडी साखर तशीच उरायची. तो बाटलीत भरला की वसंतात ऊब येताच यीस्ट जागं व्हायचं आणि उरलेली साखर बाटलीतच खाऊन टाकायचं. अशी वाइन कोरडी आणि जराशी गढूळ असते, तळाला यीस्टचा गाळ असतो. आजही काही घरं ती करतात.

पण प्रत्येक बाटली वेगळी निघते, काही फुटतातही. यावर आस्तीच्या फेदेरिको मार्तिनोत्तीने १८९५ मध्ये उपाय शोधला. बाटलीऐवजी दाब सहन करणाऱ्या मोठ्या बंद टाकीत वाइन दुसऱ्यांदा आंबवायची. १९०७ मध्ये फ्रान्सच्या यूजेन शार्माने ती कल्पना सुधारली, म्हणून जगभर ती शार्मा पद्धत म्हणून ओळखली जाते. इटालियन लोक अर्थातच मार्तिनोत्तीचं नाव आधी घेतात.

या टाकीचा खरा फायदा असा की पाहिजे तेव्हा आंबणं थांबवता येतं. टाकी थंड केली, यीस्ट गाळून काढलं की झालं. साखर हवी तेवढी शिल्लक.

दुसरा तोडगा: साखर, आणि तिने केलेला घोळ

गोडवा तुरटपणा झाकतो. कच्च्या आवळ्याचा मोरावळा केला की कसा सुसह्य होतो! ग्रास्पारोस्सासारख्या टॅनिनवाल्या द्राक्षात थोडी साखर ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं असतं, आणि ती परंपरा जुनी आहे. पिएमाँतमधली ब्राकेत्तो दाक्वी ही वाइन तर सरळ गोडच असते. गुलाब आणि स्ट्रॉबेरीचा वास, अल्कोहोल फारच कमी, चॉकलेट किंवा फळांसोबत पितात. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १८८० च्या दशकापासून लाल द्राक्षांची फेसाळती वाइन होते. तिला पूर्वी 'स्पार्कलिंग बरगंडी' म्हणत, आता ती शिराझपासून करतात आणि 'स्पार्कलिंग शिराझ' म्हणतात. गडद, दमदार, किंचित गोड. ऑस्ट्रेलियात ऐन उन्हाळ्यात येणाऱ्या नाताळच्या जेवणात ती टर्कीसोबत असते.

म्हणजे साखर हा गुन्हा नाही. घोळ झाला तो प्रमाणाचा. १९७० आणि १९८० च्या दशकांत गोड, स्वस्त लांब्रुस्को अमेरिकेत प्रचंड खपली. कोला पिऊन वाढलेल्या लोकांना थंडगार, गोड, फेसाळणारी वाइन आवडणारच. टाक्या भरभरून माल गेला. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना पैसा मिळाला, पण लांब्रुस्को म्हणजे 'वाइनच्या वेषातला सोडा' अशी ख्याती झाली. सोरबारा, सालामिनो आणि ग्रास्पारोस्सा यांना १९७० सालीच डीओसी म्हणजे प्रदेशनिहाय दर्जाची मान्यता मिळाली होती. तरी बाहेरच्या जगाला आडनाव तेवढं कळलं, भावंडं कळलीच नाहीत. मोरीत ओतलेली माझी पहिली बाटली याच गोंधळाची.

नाव गेलं की माल कितीही चांगला असो, त्याचा भाव जातो. आमच्या घरी हे कुणी शिकवावं लागत नाही. २००७ च्या सुमारास अण्णांनी एक एकर थॉम्पसन काढून शिराझ लावलं होतं. वाइनरी माल उचलणार असा करार होता. दोन वर्षांत बाजार बसला, वाइनरीने हात वर केले. खायला शिराझ चालत नाही, बेदाणा करायला चालत नाही. मांडवावर काळे घड सुकत गेले आणि पुढच्या छाटणीआधी अण्णांनी वेल मुळासकट काढले. मी तेव्हा शाळेत होते. ही वाइन शिकायला मी एवढ्या लांब आले, त्याच्या मुळाशी तो एक एकर आहे असं मला कधीकधी वाटतं.

तिसरा तोडगा: ताटात काय आहे?

टॅनिनला चिकटायला काहीतरी हवं असतं. लाळेऐवजी त्याला चीजमधलं प्रथिन मिळालं तर जीभ सुटते. आणि जेवण तुपकट असेल तर उलट वाइनचं आम्ल आणि बुडबुडे तोंड स्वच्छ करतात. एमिलियाचं जेवण आठवा: पार्माचं हॅम, मोर्तादेल्ला, पार्मेझान, चरबीत तळलेला फुगीर 'न्योक्को फ्रित्तो'. हा शेवटचा पदार्थ म्हणजे आपली चौकोनी पुरीच. अशा जेवणात हीच वाइन घोटागणिक जीभ धुऊन पुढच्या घासासाठी तयार ठेवते. तुरटपणा इथं दोष राहत नाही, कामाला लागतो.

आपल्या ताटाचं काय? मी घरून आणलेल्या बेसनाची कांदाभजी केली आणि कोरडी सोरबारा उघडली. उत्तम जमलं. बटाटेवडा, अळूवडी, कोथिंबीर वडी हेही चालेल. पांढऱ्या रश्श्याबरोबर मी पैज लावायला तयार आहे. तांबड्या रश्श्यासोबत मात्र नको. मिरची, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तिघंही तोंडातल्या वेदना टिपणाऱ्या नसांना चेतवतात. एकत्र आले की आगच. तिखट जेवणच असेल तर थोडी गोड बाटली घ्या.

तर बाटली घेताना

लेबलवर नुसतं 'लांब्रुस्को' न बघता सोरबारा, सालामिनो की ग्रास्पारोस्सा ते शोधा. मग गोडी बघा: 'सेक्को' म्हणजे कोरडी, 'आमाबिले' म्हणजे गोडसर, 'दोल्चे' म्हणजे गोड. स्पुमांतेवर 'ब्रूत' असेल तर ती कोरडी. 'एक्स्ट्रा ड्राय' या शब्दांना मात्र फसू नका, ती ब्रूतपेक्षा गोड असते.

सोरबारा चांगली गार करा, ८ ते १० अंश. ग्रास्पारोस्साला टॅनिन जास्त, म्हणून ती १२ ते १४ अंशांवर, फ्रिजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढून. आता त्यामागचं कारण तुम्हीच सांगू शकाल. गढूळ वाइन दिसली तर घाबरू नका, ती बाटलीत आंबलेली आहे. तिला बऱ्याचदा सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं झाकण असतं. बाटली हलवू नका, बूच हळू काढा आणि पांढरा शर्ट घालून तर अजिबात उघडू नका. जुनी होईल म्हणून सांभाळूनही ठेवू नका, यातल्या बहुतेक ताज्याच प्यायच्या असतात. भारतात इटालियन बाटली महाग पडते. पण एखाद्या लेबलवर 'स्पार्कलिंग शिराझ' दिसलं तर याच हिशोबाने चाखून बघा: साखर किती, टॅनिन किती, आणि ताटात काय आहे.

त्या दिवशी व्हिडिओ कॉल ठेवण्याआधी अण्णांनी विचारलं होतं, "मग निम्मा माल गळतोय तर ही माणसं वेल काढून का टाकत नाहीत?" मी शेजारी उभ्या असलेल्या बागायतदार काकांना इटालियनमध्ये तोच प्रश्न विचारला. त्यांनी खांदे उडवले आणि पुढच्या ओळीकडे बोट दाखवलं. तिथं सालामिनो होती. "म्हणून तर ती लावलीय," ते म्हणाले.

मी भाषांतर करून सांगितलं. अण्णा बराच वेळ त्या दोन ओळी बघत होते. मग म्हणाले, "येताना एक बाटली आण. भजी मी करतो."